पाऊस सरला की काढू

चुरी मास्तरांनी बायको पसंत करायला दहा मिनिटं घेतली होती, पण जुनी लेन्स पसंत करायला त्यांना साडेतीन तास लागले. मुंबईला फोर्टातल्या एका गल्लीतला म्हातारा पारशी दुकानदार शेवटी स्टूल ओढून समोर बसला आणि म्हणाला, "मास्तर, लेन्स लेवानी छे के लगन करवानुं छे?" मास्तर हसले नाहीत. सिल्वासाहून आणलेली बॅटरी त्यांनी पुन्हा काचेमागे धरली, आत बुरशीचा एखादा तंतू दिसतो का ते एक डोळा मिटून पाहिलं, उजेड कमीजास्त करणाऱ्या आतल्या पाकळ्यांची उघडझाप केली, शटरचा एका सेकंदाचा खटका कानाशी नेऊन ऐकला. दुसऱ्याची वापरलेली वस्तू घ्यायची तर तिची कुंडली बघूनच घ्यावी, हे त्यांचं म्हणणं, आणि त्यात चूक काही नव्हती. चूक पुढे झाली.

दत्तात्रय चुरी मूळ डहाणूकडचे. पोर्तुगीज गेले, सिल्वासाला नव्या शाळा निघाल्या, तेव्हा चित्रकलेचे मास्तर म्हणून ते इकडे आले. बरोबर बायको शोभा आणि म्हातारी आई. मूलबाळ नव्हतं. चैन म्हणाल तर एकच, रुंद फिल्मचा जपानी कॅमेरा. त्याला दोन डोळे. वरच्या डोळ्यातून माणसानं बघायचं, खालच्यानं फिल्मवर फोटो घ्यायचा. डोळ्यांची ही जोडी काढून दुसरी बसवता येई. मुळातली जोडी शाळेच्या स्नेहसंमेलनाला ठीक होती, पण तिनं एकट्या माणसाचा चेहरा जवळून घेतला की नाक फुगून येई. आणि मास्तरांना चेहराच घ्यायचा होता, आईचा. सत्तरी उलटली तरी आईचा एकही फोटो नव्हता.

"नाक हाय तेवढंच येणार ना रे?" आई म्हणायची. "आहे त्याच भिंगानं काढ."

पण मास्तरांना आईचा फोटो कसाबसा काढायचा नव्हता. सदुसष्टच्या मे महिन्यात ती लांब पल्ल्याची जोडी घरी आली. आई नवं लुगडं नेसून ओटीवर येऊन बसली. उखळात ठेचून कायमची वाकडी झालेली उजव्या हाताची करंगळी तिनं पदराखाली लपवली. मास्तरांनी आभाळाकडे पाहिलं आणि मान हलवली. मेच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, म्हणाले. ढग येऊ देत, उजेड मऊ होईल.

ढग आले, पण त्यांच्याबरोबर सिल्वासाचा पाऊस आला. दमणगंगेकाठच्या या गावात पावसाळ्यात भिंतींना शेवाळ धरतं आणि कोपऱ्यातल्या चपलांना मिशा फुटतात. लेन्सची काच बुरशीनं एकदा धरली की मेलीच. मास्तर हबकले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवली, तिच्याशेजारी लेन्स, आणि झाकणाच्या कडेनं चिकटपट्टी. भाजलेला तांदूळ दमटपणा ओढून घेतो. दर शनिवारी शोभानं नवे तांदूळ भाजायचे. दर रविवारी मास्तर खिडकीशी जमिनीवर फतकल मारून बसणार, डबा उघडणार, बॅटरी लावून काच बघणार, रबरी फुग्यानं धूळ उडवणार आणि पुन्हा पट्टी मारणार. या पूजेत त्यांना हाक मारलेली ऐकू येत नसे. आई चहा आणून ठेवायची, तो निवून जायचा.

"दत्तू, माझा फोटो?"

"पाऊस सरला की काढू, आई. आता बाहेर काढली की खराब होईल."

"मी काय लोणचं हाय, मुरायची वाट बघतोस?"

यावर शोभा तेवढी हसायची.

गौरी यायच्या आदल्या दिवशी आई अळूची पानं कापायला परसात गेली. शोभाला ती खिडकीतून दिसत होती. चार पानं कापली, विळा बाजूला ठेवला आणि पाटावर बसावं तशी ती चिखलात खाली बसली. शेजारचे जयवंत कंपाउंडर धावत आले तोवर संपलं होतं. ताप नाही, खोकला नाही, सकाळी दोन भाकऱ्या खाल्लेली बाई. मास्तर शाळेतून आले ते छत्री उघडीच घेऊन घरात शिरले आणि तसेच उभे राहिले. आईकडे बघताना त्यांच्या मनात पहिला विचार आला तो फोटोचा. त्या विचाराची त्यांना इतकी लाज वाटली की रडूही फुटेना.

तेराव्याला डहाणूहून माणसं आली. बहीण नलिनी मोगऱ्याचा मोठा हार केळीच्या पानात बांधून घेऊन आली होती. पाट मांडला, समई लावली, आणि तिनं विचारलं, "दादा, फोटो दे ना आईचा."

चार लोकांत कॅमेरेवाला मास्तर म्हणून मिरवणारा माणूस, आणि त्याच्या घरात स्वतःच्या आईचा फोटो नाही. नलिनी एकदा भावाकडे आणि एकदा भिंतीकडे बघत राहिली. तिला खरंच वाटेना. शेवटी आईचं घडी केलेलं लुगडं पाटावर ठेवून त्याला हार घातला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. पाऊस थांबला होता, अंगणात लख्ख ऊन पडलं होतं. मास्तरांनी फळीवरून डबा काढला, पट्टी सोडवली, बॅटरी लावून काच पाहिली. एक तंतू नव्हता. घेतली त्या दिवशी होती तशीच्या तशी निर्मळ. मास्तरांना त्या लेन्सचा मनापासून राग आला. भिंतीवर आपटावी इतका राग आला, पण हाताला लागलेली सवय कुठे जाते? त्यांनी ती फडक्यावर अलगद ठेवली आणि कॅमेऱ्यालाही ओल लागलेली नाही ना, ते बघायला त्याची पाठ उघडली.

आत फिल्म होती. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाची उरलेली दिसते, मास्तरांना वाटलं; त्यातलं गेलं तरी आता काही अडत नव्हतं. महिनाभर पावसात राहिलेली फिल्म म्हणजे दमटपणाचं घर, ती लेन्सशेजारी नको. त्यांनी पुढची रिकामी बाजू तोडली, गुंडाळी बाहेर काढली आणि तिचं टोक धरून हातभर ओढलं. खिडकीतलं ऊन तिच्यावर सरळ पडलं होतं.

"अहो," स्वयंपाकघराच्या दारातून शोभा म्हणाली, "त्यात आई आहेत."

मास्तरांना आधी काही समजलंच नाही. मग समजलं. उरलेली गुंडाळी त्यांनी मुठीत दाबली, मूठ सदऱ्याखाली घातली आणि ते तिथेच खाली बसले. हातभर उलगडलेली फिल्म त्यांच्या मांडीवर पडून होती. ऊन लागलेल्या फिल्मवर पुन्हा काही उरत नाही, हे त्यांच्याइतकं घरात कोणाला ठाऊक होतं?

"कोणी काढले?"

"मी. संमेलनात तुमच्याजवळ उभी राहून बघितलंय ना सगळं. आई रोज म्हणायच्या, शोभे, तुला येतं ना, मग तू काढ. तो काही काढत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"निघाला असेल की नाही, माझी मलाच खात्री नव्हती. उगाच आशा कशाला लावायची तुम्हाला? जयवंतभाऊ सोमवारी वापीला जाणार आहेत, त्यांच्याकडे धुवायला देणार होते. चांगला आला असता तर आणून हातात ठेवला असता." तिनं हात पदराला पुसले. "आणि खरं सांगू? तुमची भीती वाटली. हात का लावलास म्हणाला असतात."

म्हणाले असतेच.

"किती होते?"

"आठ. पहिले तीन दुसरेच आहेत. आईंचे त्याच्या पुढचे पाच."

मास्तरांनी डोळे मिटले. फोटो काढेल तसतशी फिल्म गुंडाळीवर चढत जाते. पहिले फोटो खोल आत, शेवटचे वर. म्हणजे ओढून उन्हात धरले ते नेमके आईचे.

तरीही त्यांनी मोरीच्या खिडकीला घोंगडी लावली, दाराच्या फटीत पोती कोंबली आणि फिल्म धुतली. अर्ध्या तासानं दार उघडून ओली पट्टी उजेडात धरली. वरचा सगळा भाग तव्याच्या बुडासारखा काळा. पाचांतला एकही चौकोन शिल्लक नव्हता. आतले तीन तेवढे वाचले होते, कडा जळून का होईना.

उलट्या रंगांतही मास्तरांनी ओळखलं. खिडकीशी जमिनीवर बसलेला, पाठीत वाकलेला, हातात बॅटरी धरून काच बघणारा माणूस. तिन्ही चौकोनांत तोच. काळे केस तिथे पांढरे दिसत होते. मास्तर स्वतःलाच म्हातारं झालेलं बघत होते.

"माझे?" ते म्हणाले. "माझे का काढलेस?"

"त्या म्हणाल्या, आधी दत्तूचा काढ. सगळ्यांचे काढत फिरतो, त्याचा तरी कुठे आहे." शोभानं पदर डोळ्यांना लावला. "नवी लेन्स तुमच्या हातात होती, कॅमेरा फळीवर होता. तुमच्यासमोर उभी राहून तीन काढले. तुम्ही मान वर केली नाहीत."

दिवाळीला नलिनी आली. ओटीवरच्या भिंतीला तिसऱ्या फोटोची मोठी प्रत चौकटीत लावलेली होती. ती बघून नलिनी चिडलीच. "दादा, आईचा फोटो लावायचा सोडून स्वतःचा लावलास?"

"डाव्या कडेला बघ," मास्तर म्हणाले.

ती चौकटीजवळ गेली. डाव्या कडेनं एक हात फोटोत आला होता, मनगटापर्यंतच. हातात कपबशी होती, आणि बशीखालून करंगळी वाकडी बाहेर आली होती. नलिनीनं काचेवर बोट ठेवलं.

"किती वेळ उभी होती रे ती?" तिनं मग हळूच विचारलं. "चहावर साय धरलीय."

मास्तरांनी ते आतापर्यंत पाहिलं नव्हतं. ते उठून जवळ गेले. कॅमेऱ्याच्या मुळातल्याच लेन्सनं काढलेला फोटो, पण साय स्वच्छ दिसत होती, तिची सुरकुतीसुद्धा.