फेटा वाळेपर्यंत

"माणसाच्या अंगाला उष्णतेची मर्यादा अशी नसतेच," वरकुट्याच्या आबासाहेबांनी १९३४ सालच्या वैशाखात जाहीर केलं आणि पंखा हलवणाऱ्या गड्याला जरा जोरात हलवायला सांगितलं.

समोर त्यांची नवी विहीर खोदली जात होती. सुरुंगांनी तळ भट्टीसारखा तापलेला. खाली उतरणारा गडी डोक्याला ओला पटका बांधायचा आणि तो वाळला की त्याला वर ओढायचे, असा खोदणाऱ्यांचा बापजाद्यांपासूनचा नियम. पटका फार लवकर वाळतो, ही आबासाहेबांची तक्रार. म्हणून त्यांनी सुधारणा काढली : यापुढं पटक्याऐवजी त्यांचा भलामोठा फेटा भिजवून बांधायचा आणि तो वाळेपर्यंत वर यायचं नाही.

आदल्याच दिवशी खोदणारा सिद्धू तळाशी घेरी येऊन पडला होता. मुकादम जोतीराम म्हणाला, "आबा, नेम तुमचा हाय. पयल्यांदा तुमीच उतरून दावा."

"उतरतो की! भितो व्हय तुला?"

ओला फेटा बांधून आबासाहेब पाटीत बसले आणि दोरानं खाली गेले. थोड्याच वेळात तळातून हाक आली, "जोत्या, वर ओढ!"

"फेटा वाळला का, आबा?"

"न्हाय रं अजून."

"मग कसं ओढू? नेम मोडंल की तुमचा."

दोर धरलेल्या बानूबाईनं तोंडाला पदर लावला. जोतीराम काळजीनं वाकून बघतो, तोच दोर हलला.

"जोतीरामराव," आबासाहेबांचा आवाज एकदम मऊ आला, "पाटीतनं फेटा वर पाठवतुया. तेवढा उन्हात वाळत घाला की!"