घंटेला लावलेला कान

आमचे साडू पेट्या दुरुस्त करतात. पेट्या म्हणजे हार्मोनियम. सगळे त्यांना पेटीवाले म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. एका घरच्या दोन बहिणी. थोरली त्यांच्या वाट्याला गेली, धाकटी माझ्या. तेव्हापासून आम्ही दोघे एकमेकांकडे सहानुभूतीने बघतो.

पेटीवाल्यांचा कान म्हणजे काय सांगू! मागच्या गल्लीत कुणी चहात साखर ढवळली, तर हे दुकानात बसून म्हणायचे, "कपाला चीर गेलीय." मी एकदा खात्री करायला गेलो. गेली होती. चहा मात्र बरा होता.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. खिडकीशी टेबल, त्यावर पोट उघडून पडलेली एखादी पेटी, चामड्याचे तुकडे, सरस, बारीक कानशी. पितळेची पट्टी, म्हणजेच सूर; तो टोकाला घासला की चढतो, बुडाशी घासला की उतरतो. एवढंच काम, पण केसभर जास्त घासलं की तो सूर कामातून गेला. पितळेचा कीस उडू नये म्हणून खोलीत पंखासुद्धा नाही. उन्हाळ्यात तिथे बसलेलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, लवकर सुटका मागतं.

एके दुपारी गेलो तर दार अर्धं लोटलेलं आणि पेटीवाले हात मांडीवर ठेवून बसलेले.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "माझा कान गेला."

"अहो, दोन्ही जागच्या जागी आहेत की."

"थट्टा पुरे. गायनबाईंनी पेटी पुन्हा परत पाठवलीय. म्हणतात, वरचा सा थरथरतो. मी ऐकतो तर कसा? सरळ, दोरीत ओवल्यासारखा. पुन्हा लावून दिली. पुन्हा थरथरतो म्हणतात. बाई खोटं बोलायच्या नाहीत. मग खोटं कोण बोलतंय? हा." त्यांनी उजव्या कानाची पाळी अशी ओढली, जसा एखाद्या द्वाड पोराचा कान पिळावा.

"मग वैद्याकडे चला."

"वैद्य कान बघेल. मला सूर बघायचाय. देवीला जातो."

डोंगरावरच्या देवीच्या देवळात एक अजस्र घंटा आहे. बाळपणी वडिलांनी खांद्यावर बसवून पेटीवाल्यांना ती वाजवायला लावली होती. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर. तो डोक्यात घेऊन ते खाली उतरले, आणि जन्मभर प्रत्येक पेटी त्यावरच जोखत आले.

"ती घंटा ऐकू आली, आणि काळी एकमध्येच आली, तर दुकान माझं," ते म्हणाले. "नाही आली तर किल्ली जावयाला. तो मोबाईलची कव्हरं विकतो, त्याला जागा पाहिजेच आहे."

जावई तसा गुणी. येता-जाता भिंतींची मापं घेतो, एवढंच.

"पण पेटीवाले, त्या घंटेबद्दल लोक काय म्हणतात ठाऊक आहे ना? मनात किल्मिष असलं तर ती ऐकू येत नाही म्हणे."

"माझ्या मनात काही नाही."

"तरीच धंद्यात मागे राहिलात."

तर आम्ही निघालो. आम्ही दोघे आणि दोघी बहिणी. पेटीवाल्यांनी थोरलीला कानाचं काही सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, नवऱ्याला उशिरा का होईना भक्ती सुचली. ती खूश.

तो डोंगर इतका उभा आहे, की पुढच्याची टाच आणि मागच्याचं नाक यांची आधी ओळख होते, मग माणसांची. वारा असा, की धाकटी माझ्याशी बोलली ते शब्द मला वरच्या वळणावर गेल्यावर ऐकू आले. बरं झालं, तोवर तिचा राग गेला होता. वाटेत आमच्यासोबत एक निवृत्त हेडमास्तर आले, आणि एक नवं जोडपं, जे दर पायरीला एकमेकांना "दमलात का?" विचारत होतं. हेडमास्तर मला म्हणाले, "यांना वर्षभराने पुन्हा आणा. प्रश्न तोच राहील, स्वर बदलेल."

पेटीवाले कुणाशी बोलत नव्हते. पाखरू ओरडलं की थांबायचे, पुटपुटायचे, "ऐकू आलं." काठी आपटली, "आलं." थोरली म्हणाली, "हे काय हो, स्वतःशीच काय हजेरी घेताय?" ते म्हणाले, "नाम घेतोय."

वर देऊळ आटोपशीर. समोर सभामंडप, आणि त्याच्या कडेला, थेट दरीवर, ती घंटा. आत माणूस छत्री उघडून उभा राहील एवढी मोठी. खाली दोर लोंबतो. रीत अशी, की डोळे मिटायचे, दोर ओढायचा, नाद विरेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत आणि मग देवीपुढे जायचं.

हेडमास्तरांनी डोळे मिटून दोर ओढला. क्षणभर थांबले. मग शाळेची प्रार्थना संपल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "वा! काय गंभीर नाद!"

नव्या नवरीने ओढला. "अगंबाई, अंगावर काटा आला," ती म्हणाली. नवरा म्हणाला, "माझ्यासुद्धा." त्याने अजून ओढलाच नव्हता.

धाकटीने हात जोडले. थोरलीने तर डोळे पुसले.

मग पेटीवाले. त्यांनी दोर ओढला. डोळे मिटून ते इतका वेळ उभे राहिले, की मागे रांग लागली. डोळे उघडले तेव्हा त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला होता.

"तुला आली ऐकू?" त्यांनी थोरलीला विचारलं.

"म्हणजे काय! खणखणीत."

"साडूभाऊ, तुम्हाला?"

"मी नेमका तेव्हा शिंकलो," मी म्हणालो.

पेटीवाल्यांनी कमरेची किल्ली काढली आणि थोरलीच्या हातावर ठेवली. "जावयाला दे. आजपासून दुकान त्याचं." आणि तिथेच, मंडपात, गायनबाईंच्या पेटीपासून घंटेच्या पैजेपर्यंत सगळं सांगून टाकलं. सांगताना आवाज चढला नाही की उतरला नाही. थोरली किल्लीकडे बघत राहिली. विंचू हातावर ठेवला असता तर तिने झटकला तरी असता.

"निरोप घेऊन येतो," असं म्हणत ते पुन्हा घंटेकडे गेले. पेटी मिटताना ते नेहमी तिच्या अंगाला कान लावतात, आत काही खुळखुळतं का बघायला. त्याच सवयीने त्यांनी घंटेच्या गार कुशीला कान टेकवला.

आणि तसेच राहिले.

"वाजतेय," ते म्हणाले.

"कुणी दोर ओढलाय?" हेडमास्तर म्हणाले.

"न ओढता वाजतेय. काळी एक नाही. पांढरी पाचच्या आसपास, पण एक गळा नाही हा, हजार गळे आहेत. वारा आला की थरथरतोय, वारा पडला की सरळ."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. धाकटी माझ्या कानाशी कुजबुजली, "भावजींना भास व्हायला लागले." थोरलीनेही ते ऐकलं. तिने किल्ली मुठीत घट्ट धरली, पदर खोचला आणि सगळ्या रांगेसमोर म्हणाली, "अहो, मला घंटा ऐकू आलीच नाही! एवढीशीसुद्धा नाही. लोक काय म्हणतील म्हणून खोटं बोलले. आता माझ्या मनात काय किल्मिष आहे ते देवी जाणे आणि माझी धाकटी बहीण जाणे, पण तुमचा कान गेला म्हणून दुकान द्यायचं असेल तर माझाही गेलाय!"

मग हेडमास्तरांनी घसा साफ केला. "तसं बघायला गेलं तर... मलाही नाही."

"मला नाही," नवरी म्हणाली. नवरा म्हणाला, "माझ्यासुद्धा," आणि मग वाक्य सुधारलं.

गलका ऐकून आतून पुजारी आले. काय झालं विचारलं, आणि थोरलीने सांगितलं तसे ते भिंतीला टेकून खालीच बसले.

"ऐकू कशी येणार, ताई? आतला लोलक मीच फडक्याने बांधलाय. घंटेत मधमाश्या बसल्यात. दरीच्या बाजूने ये-जा करतात. वाजवली तर सगळ्या यात्रेला डोंगर उतरायला पायऱ्या लागणार नाहीत."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगणार होतो हो! बांधली त्याच दिवशी एक बाई आल्या, दोर ओढला, आणि म्हणाल्या, काय नाद आहे! मग दुसरे म्हणाले, मग तिसरे. मी म्हटलं, बांधलेली घंटासुद्धा सगळ्यांना ऐकू येते आणि एका पुजाऱ्यालाच येत नाही! म्हणजे खोट कुणात? बरं, हे बोलायचं कुणापाशी? मीसुद्धा रोज सकाळी मान डोलवत होतो."

पेटीवाल्यांचं कुठेच लक्ष नव्हतं. कान अजून घंटेलाच. वारा आला, गेला. त्यांनी एकदम मान वर केली. "साडूभाऊ, गायनबाई पेटी घेऊन घरात कुठे बसतात?"

"कुठे म्हणजे? दिवाणखान्यात. पंख्याखाली."

ते हसायला लागले. असे हसले, की दोन माश्या बाहेर डोकावून गेल्या. त्यातली एक माझ्या नाकाची चौकशी करून गेली. ती खूण मी आजही दाखवू शकतो, पण उजेड चांगला पाहिजे.

देवीपुढे ते बराच वेळ बसले. काय मागितलं विचारलं, तर म्हणाले, "मागायचं काय? पुजाऱ्यांनी लोलकाचं फडकं जरा सैल बांधलंय, एवढं तिच्या कानावर घातलं."

उतरल्यावर घरीसुद्धा न जाता आम्ही गायनबाईंकडे गेलो. त्यांनी पेटी काढली, वरचा सा धरला. थरथरला. मलासुद्धा ऐकू आला, शप्पथ. पेटीवाले उठले आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. डोक्यावरचा पंखा गरगरत, रेंगाळत थांबला. तसा सूरही शांत होत गेला, आणि शेवटी दोरीत ओवल्यासारखा सरळ उभा राहिला.

"अहो, पण मग मी उकाड्यात गायचं का?" गायनबाई म्हणाल्या.

"आमच्या दुकानात या," पेटीवाले म्हणाले. "तिथे सवय होईल."

किल्ली त्यांना परत मिळाली असं तुम्हाला वाटेल. छे. थोरली म्हणाली, माझ्या मुठीत आली ती माझी. आता रोज सकाळी पेटीवाले चपला घालून उंबऱ्याशी पाठमोरे उभे राहतात. आत स्वयंपाकघरात थोरली कुठलंतरी भांडं वाजवते: झाकण, पेला, तवा. ते बाहेरून सूर सांगतात. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ती "बरोबर" म्हणते आणि किल्ली देते.

आणि एखाद्या दिवशी ती भांडं नुसतं हातात धरते, वाजवत काहीच नाही, आणि विचारते, "सांगा, कुठला?"

पेटीवाले जरा थांबतात, कान देतात. "आज काही वाजलंच नाही," म्हणतात.

त्या दिवशी ती किल्ली द्यायला उंबऱ्यापर्यंत येते.