तिसऱ्या बाकावरची डॉक्टरेट

मित्रांनो, रंग उडाला असला तरी मी अजून पिवळीच आहे. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरांत, स्लेट फोर्क नावाच्या खोऱ्यात शाळेची बस म्हणून मी आयुष्य काढलं. कारखान्याने मला पत्र्याचं अंग दिलं, पण माणसांत आणलं ते व्हर्जिल स्लोनने. माझा पहिला ड्रायव्हर तोच आणि शेवटचाही तोच. पोरांच्या बुटांचा चिखल, उलट्या, भांडणं, बाकाखाली चिकटवलेलं च्युइंगगम, सगळं मी सोसलं. "व्हर्जिलची गाडी आली, आता काळजी नाही," असं आया म्हणायच्या. ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग कोळशाची खाण बंद पडली. माणसं खोरं सोडून गेली, पोरं कमी झाली आणि मला चर्चच्या आवारात नेऊन उभं केलं. चाकांभोवती गवत वाढलं. फार वाईट दिवस होते ते. पुढे जिल्ह्याच्या शाळा-कचेरीने माझ्या टपावर इंटरनेटचं यंत्र बसवलं, कारण खोऱ्यातल्या घरांत ते पोचतच नव्हतं. पोरं गृहपाठाला माझ्यात येऊ लागली. शनिवारी सकाळी मात्र एकच विद्यार्थिनी यायची, डेनिता कॉम्ब्स.

मी नवी कोरी होते तेव्हा ही डेनिता माझ्यातूनच हायस्कूलला जायची, तिसऱ्या बाकावर बसून. आता ती खोऱ्यातल्या छोट्या प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका होती. त्याच बाकावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन, ती दूरच्या विद्यापीठाची डॉक्टरेट करत होती. सगळ्या जिल्ह्याच्या शाळा कशा सांभाळाव्यात, हा तिचा अभ्यास. कचेरी लहान शाळा एकामागून एक बंद करत सुटली होती आणि डेनिताला आपली शाळा वाचवायची होती. तिची आई त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर राबली होती.

व्हर्जिल माझा हीटर लावून द्यायला यायचा आणि कोलाच्या बाटलीत खारे शेंगदाणे टाकून पीत बसायचा.

"काय गं पोरी, डॉक्टर झालीस की माझा गुडघा बघशील ना?"

"काका, गुडघ्याची डॉक्टर नाही मी. तोंड बंद करायचं औषध तेवढं देईन."

"दे बाई, दे. तुझी ओपलकाकू तुला केक करून घालेल."

शाळा बंद झालेल्या गावांत जाऊन डेनिता पोरांना आणि त्यांच्या आईबापांना भेटून यायची, मग माझ्यात बसून प्रबंध लिहायची. हळूहळू तिचं हसणं कमी झालं. एकदा तर लॅपटॉप मिटून ती खूप रडली. मला काही कळेना.

कळलं ते तोंडी परीक्षेच्या दिवशी. ही परीक्षा कुणालाही ऐकता येते, म्हणून अर्धं खोरं माझ्यात दाटीवाटीने येऊन बसलं. व्हर्जिलच्या बायकोने, ओपलने, सफरचंदाचा थरांचा केक आणला होता. लॅपटॉपच्या पडद्यावरून परीक्षकबाईंनी शेवटी विचारलं, "आणि तुमच्या स्वतःच्या शाळेचं काय करावं?"

डेनिता उठली. पडद्याकडे पाठ करून तिने आमच्या माणसांकडे तोंड केलं.

"बंद करावी," ती म्हणाली. "तीन वर्गांना मिळून एक शिक्षिका आहे आपल्याकडे. वाचताना अडणाऱ्या पोरांना शिकवायला कुणी येत नाही. मी शाळा वाचवायलाच निघाले होते हो! पण आपल्या मायेशिवाय दुसरं कारण सापडलं नाही, आणि त्यात पोरांचं नुकसान होतंय. बाकीच्या गावांनी पोरांना नुसतं बसमध्ये कोंबलं आणि सोडून दिलं. तसं होऊ देऊ नका. पहिलं वर्षभर ओळखीचं माणूस सोबत हवं."

"तुझ्या आईने त्या चुलीपाशी जन्म घालवला गं!" ओपल कळवळून म्हणाली.

माणसं एकेक करून उतरली. केक कापलाच नाही. पडद्यावरची मंडळी अभिनंदन करत होती, पण ते ऐकायला डेनिताशिवाय कुणी उरलं नव्हतं. व्हर्जिलने हीटर बंद केला. "झालीस डॉक्टर," एवढंच बोलून तो गेला. नंतर सगळा उन्हाळा तो तिच्याशी बोलला नाही.

डेनिताच्या सांगण्यावरून कचेरीने शाळा बंद केली. पोरांना डोंगरापलीकडे न्यायला बस कमी पडली, म्हणून मला दुरुस्त करून, नवे टायर घालून पुन्हा रस्त्यावर आणलं. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला.

ऑगस्टमध्ये नवं शालेय वर्ष सुरू झालं, त्या पहिल्या सकाळी बंद शाळेच्या फाटकाशी पोरं रांगेत उभी होती. रांगेच्या शेवटी जेवणाचा डबा घेऊन डेनिता. कचेरीने तिला मोठी खुर्ची देऊ केली होती. आधी वर्षभर बसमध्ये, मग खुर्चीत, असं तिने कळवलं होतं.

व्हर्जिलने दार उघडलं. समोरच्या काचेवरून नजर न काढता तो म्हणाला, "चढ, पोरी. तिसरं बाक ठेवलंय तुझं."

त्या बाकावर खिडकीशी पहिलीतली मेव्ही बसली होती. तिने डेनिताला सरळ विचारलं, "बाई, आमची शाळा तुम्हीच बंद केली ना?"

सगळी पोरं वळून बघू लागली.

"हो," डेनिता म्हणाली. "म्हणूनच तुझ्या शेजारी बसायला आलेय."

मेव्हीने दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि तिला जागा करून दिली.

मित्रांनो, तुम्हीही खूप शिका, मोठ्या खुर्चीत बसा. कधी कठीण निर्णय घ्यावे लागतील, तेही घ्या. पण तुमच्या निर्णयाने ज्या लेकरांची वाट लांबेल, त्यांना एकटं सोडू नका. त्यांच्याबरोबर बसमध्ये चढा.