पाठीतून निघालेली नळी

मंत्राने मुतखडे काढणाऱ्या खडेबाबांच्या दातांत नळी दिसली आणि बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात टाळ्यांचा कडकडाट झाला. खुर्च्या दुकानातल्याच होत्या, किमतीच्या चिठ्ठ्या अजून लोंबत होत्या, त्यामुळे प्रत्येक भक्त आपापली किंमत पाठीशी घेऊन बसला होता.

मधल्या टेबलावर लाँड्रीवाला पालथा पडला होता. बाबांनी त्याच्या उघड्या कमरेवर पितळी नरसाळं टेकवलं, त्याच्या टोकाला तोंड लावलं, गाल आत ओढले, डोळे फिरवले आणि दातांत धरलेली निळसर नळी हळूहळू बाहेर काढली. कातडीवर ओरखडासुद्धा नाही. ओरखडा नाही हाच पुरावा, असं पुढच्या रांगेतला निवृत्त बँक मॅनेजर शेजाऱ्याला समजावत होता.

"डॉक्टरांना यंत्रं लागतात," बाबा म्हणाले, "आम्हाला श्वास पुरतो."

नळी जॅमच्या रिकाम्या बाटलीत गेली आणि बाटली लाँड्रीवाल्याच्या हातात. मागे बसलेल्या त्याच्या बायकोने टाळ्या वाजवल्या नाहीत.

खरी नळी लाँड्रीवाल्याच्या पोटात आली ती रीतसर. दिवसभर इस्त्रीच्या वाफेत उभं राहायचं, घाम गाळायचा आणि सारखं लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी प्यायचंच नाही, या शिस्तीने त्याने मूत्रपिंडात खडा तयार केला होता. खडा खाली सरकून अडकला. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीने तो फोडून काढला आणि मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी, म्हणजे स्टेंट, ठेवली. आतली सूज उतरेपर्यंत लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून. काही आठवड्यांनी तो काढायचा, तारीख ठरलेली.

घरी आल्यावर त्याला दर थोड्या वेळाने पळावं लागे. जळजळ होई, लघवी गुलाबी दिसे, आणि लघवी करताना कमरेत कळ उठे. स्टेंट असताना हे सगळं होतं. डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना सांगितलंही होतं, पण दारात उभं राहून, एका दमात आणि निम्मं इंग्रजीत. पुन्हा विचारायचं तर डॉक्टर बाईमाणूस आणि विषय हा असला. लाजेने त्याने फोन केला नाही. खडेबाबांनी मात्र 'लघवीला जळतं का?' हा प्रश्न शंभर माणसांसमोर खणखणीत आवाजात विचारला आणि लाँड्रीवाल्याला वाटलं, आपलं दुःख ओळखणारा भेटला.

बाबांनी मंतरलेलं पाणी दिवसभर प्यायला आणि इस्त्रीपासून लांब राहायला सांगितलं. त्याला बरं वाटू लागलं. डॉक्टरीणबाईंनीही हेच सांगितलं होतं, फक्त मंत्र द्यायचा राहिला होता.

स्टेंट काढायची तारीख आली आणि गेली. "काढायचं काय? बाटलीत आहे की," असं तो गिऱ्हाइकांना अभिमानाने दाखवत राहिला. बायकोला मात्र दिसत होतं की नळी बाटलीत असूनही माणूस कमरेला हात लावूनच संडासातून बाहेर येतो. बाबांना विचारलं तर उत्तर तयार होतं: नळी गेली, तिची सवय राहिली.

शेवटी ती एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी ऐकता ऐकता त्याचे कागद काढून तारीख पाहिली. मग म्हणाल्या, "स्टेंट विसरला तर त्याच्यावरच खडे चढतात. वाट बंद होते. कधी कधी दुखतही नाही आणि मूत्रपिंड निकामी होतं. कसंही करून घेऊन या त्यांना."

नवरा ऐकणार नव्हता, म्हणून तिने बाबांनाच धरलं. भरल्या सभेत ती हात जोडून म्हणाली की, महाराज, डॉक्टरांची जिरवायची आहे. एक्स-रे काढू, आत काही नाही हे सिद्ध होईल, आपणही चला. सभा उठून उभी राहिली. बाबांना ध्यानाची वेळ आठवली, पण मॅनेजरने आपली गाडी दाराशी आणली होती.

दवाखान्यात लाँड्रीवाल्याच्या एक्स-रेची फिल्म उजेडाच्या पाटीवर लागली. मणक्याच्या शेजारी एक पांढरी बारीक रेघ होती, वर मूत्रपिंडात एक वेटोळं, खाली मूत्राशयात दुसरं.

"ही नळी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन्ही टोकं वळलेली असतात, म्हणजे ती जागची हलत नाही. बाटलीतली बघा."

बाटलीतली सरळसोट होती. मॅनेजरने ती उजेडात धरली, आणि त्याचा चेहरा पडला. घरी माशांच्या टाकीत हवा सोडायला तो हीच नळी वापरत होता.

"ही छाया आहे," बाबा म्हणाले. "नळीचा देह निघाला, छाया उरली. आत्ता ओढतो."

त्यांनी नरसाळं काढलं, भिंतीकडे वळून मंत्र पुटपुटला आणि ते परत फिरले. लाँड्रीवाल्याच्या बायकोने पाण्याचा पेला पुढे केला. "आधी चूळ भरा, महाराज."

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

"मंत्र धुऊन जाईल होय? मग नुसतं नाव सांगा माझ्या नवऱ्याचं."

बाबांनी नाव घेतलं ते गरम बटाटा तोंडात असल्यासारखं. तेवढ्यात त्यांना खोकला आला, आणि गालात गुंडाळून ठेवलेली दुसरी निळसर नळी फरशीवर पडली. मॅनेजरने ती उचलली नाही, आणि गाडीत परतताना बाबांना जागाही दिली नाही.

लाँड्रीवाला फिल्मसमोर तसाच उभा होता. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो डॉक्टरीणबाईंशी बोलला: किती वेळा जावं लागतं, कुठे जळतं, रंग कसा असतो. त्या ऐकत होत्या, आणि या वेळी खुर्चीवर बसून, कागदावर चित्र काढून, मराठीत सांगत होत्या. भूल देणारी जेली लावून मूत्रमार्गातूनच बारीक दुर्बीण आत जाईल, स्टेंटचं टोक पकडून ओढायचं, काही मिनिटांचं काम. नंतर एखाद-दोन दिवस जळजळ, थोडं रक्त. थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या, लघवी बंद झाली किंवा गोळीनेही न थांबणारी कळ आली, तर थांबायचं नाही, लगेच यायचं.

स्टेंट निघाला. त्यावर खड्यांची खरबरीत पुटं चढू लागली होती. मूत्रपिंड वाचलं.

खडेबाबा आता दुसऱ्या गावात दुसऱ्या दुकानात बसतात, आणि गर्दी तिथेही आहे. त्यांच्या नळ्या संपणार नाहीत, कारण लोकांची लाज संपत नाही. आपल्या शरीरात काही बसवलं असेल तर ते कशासाठी आहे, त्याने काय त्रास होईल आणि ते कधी निघणार, हे डॉक्टरला विचारा. समजलं नाही तर पुन्हा विचारा. आणि डॉक्टरांनो, रुग्ण विचारेपर्यंत दारात उभे राहू नका, बसून सांगा.