नऊ तास दहा मिनिटं

मी शिवणकाम करते. गिऱ्हाईक कितीही म्हणू दे, "माप तेच आहे हो," टेप लावल्याशिवाय मी कात्री उचलत नाही. पण सख्ख्या भावाच्या तोंडचं माप मी चार वर्षं निमूट खरं धरलं. परदेशातून घरी यायला म्हणे अठ्ठावीस तास. दोन विमानं बदलायची, मध्ये आठ तास बाकावर बसायचं. दादा असं रंगवून सांगायचा की ऐकून माझीच कंबर धरायची.

गुडघ्याचं ऑपरेशन मी दोनदा पुढे ढकललं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे जिना नाही, वजन उचलणं नाही. आईला उठवायला-बसवायला माणूस लागतं, ते कुठून आणू? दादाला म्हटलं, "तेवढे दिवस ये." तर म्हणे, "अगं, येण्याजाण्यातच माणूस अर्धा होतो." मला उलट त्याचीच कीव आली. शहाणीच मी!

परवा दुकानात एक बाई कोटाच्या बाह्या आखूड करायला आल्या. दादाच्याच शहरातून कालच आलेल्या. मी म्हटलं, "दमला असाल. अठ्ठावीस तास म्हणजे चेष्टा आहे का?"

"अठ्ठावीस?" त्या हसल्या. "थेट विमान आहे की! साडेसात हजार किलोमीटर, नऊ तास दहा मिनिटं. जाताना वारा समोरून असतो, म्हणून तासभर जास्त. पाच वर्षं झाली सुरू होऊन. एक झोप काढली की आलंच."

खडूची रेघ वाकडी गेली. सवयीने मी मोबाइलवर तपासलं. रोज सकाळी आठ वीसला सुटतं. रोज! दादाने केसाने गळा कापला होता माझा.

दुकानाच्या वरच आमचं घर. कठडा धरत, एकेक पायरी चढत गेले आणि दारातूनच म्हटलं, "आई, दादाने आपल्याला फसवलं. नऊ तासांत येता येतं त्याला."

आई उशीचा अभ्रा सारखा करत होती. कसं, काय, काही विचारलं नाही तिने.

"मला माहीत होतं गं," ती म्हणाली. "त्यानेच सांगितलं होतं. तुला बोलू नको म्हणाला."

"आणि तू गप्प बसलीस? मी कण्हत जिना चढते, ते ऐकू येत नव्हतं तुला?"

"येत होतं. पण तू भांडली असतीस. मग त्याचा रविवारचा फोनही बंद झाला असता."

म्हणजे मायलेकांची अळीमिळी गुपचिळी, आणि मूर्ख कोण, तर मी! डोक्यात अशी तिडीक गेली की काय बोलतेय याचं भान राहिलं नाही. "मग तूच जा त्याच्याकडे! चाकाची खुर्ची देतात थेट विमानापर्यंत. सहा आठवडे करू दे त्याला. आत्ताच्या आत्ता तिकीट काढते." आणि खरंच काढायला बसले. तारीख टाकली, आईचं नाव टाकलं, वय टाकलं.

आई माझ्या बोटांकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "आणि तो घ्यायला आलाच नाही तर?"

"येईल गं, न यायला काय झालं," मी म्हटलं, आणि तिकिटाचं पान बंद केलं. मग दवाखान्यात फोन लावला आणि ऑपरेशनची तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकलली.