राहिलेलं सहासष्ट

बाईंच्या तोंडात मेणात बसवलेली कवळी घातली आणि म्हटलं, "साठपासून मोजा." आम्ही सगळ्यांनाच साठपासून मोजायला लावतो. 'स' म्हणताना वरचे-खालचे दात एकमेकांना लागता कामा नयेत. लागले तर कवळीची उंची चुकली. बाई सहासष्टवर आल्या आणि टक् वाजलं; बाकीचे आकडे निसटले.

माझी पाचावर धारण बसली. परीक्षक वीस मिनिटांत येणार होते. कृत्रिम दातांच्या पदव्युत्तर परीक्षेला मी दुसऱ्यांदा बसले होते, आणि घरी बाबांनी गुडघ्याला बाशिंग बांधून माझ्या दवाखान्याची पाटीसुद्धा रंगवून घेतली होती.

चूक कुठे झाली ते लगेच कळलं. मोजमाप घेताना मी "जबडा सैल सोडा" म्हणाले होते. बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका, सांगितलेलं तंतोतंत करणाऱ्या. त्यांनी हनुवटी इतक्या मनापासून सोडली की नाकापासूनचं अंतर तीन मिलिमीटर जास्त भरलं, आणि मी गाढवासारखं तेच लिहून घेतलं.

"हे वाजलं ते वाईट ना गं?" बाईंनी विचारलं.

"दात उंच झालेत. सरांनी ऐकलं तर मी गेलेच."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर त्यांची सही होईल आणि दुपारी हेच दात पक्के करायला जातील. मग बदलता येत नाही."

"बरं," बाई म्हणाल्या.

परीक्षक आले. हसणं त्यांना वर्ज्य असावं. बाईंचं तोंड उघडून, मिटवून पाहिलं. "साठपासून मोजा, आजी."

बाईंनी वर्गातल्या आवाजात सुरुवात केली. "साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट..."

जन्मभर पोरांना आकडे शिकवलेली बाई आकडा गाळते! माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. सरांनी पेन काढलं. मला इतकं हायसं वाटलं की त्याचीच लाज वाटली. बाईंचे ओठ नीट मिटत नव्हते, आणि त्या आत्ताच गाल चोळायला लागल्या होत्या. लोक हात दाखवून अवलक्षण करतात, मी दात दाखवून केलं.

"सर, सहासष्ट राहिलं."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की शाळेत असते तर अंगठेच धरले असते. "म्हणा ना, बाई," मी म्हटलं. त्यांनी म्हटलं. टक्.

सरांनी पेनाला टोपण लावलं. "किती जास्त आहे?"

"तीन मिलिमीटर."

"आधी माहीत होतं?"

"हो, सर."

त्यांनी पेन खिशात ठेवलं. मग म्हणाले, "मेण वितळव, मोजमाप नव्याने घे. आजींना दात नीट करून दे. तू सहा महिन्यांनी परत बस."

ते गेल्यावर मी चक्क रडले. बाईंनी कवळी काढून माझ्या हातात आदळली आणि बोळक्या तोंडाने सुरू झाल्या, "मूर्ख कुठली! आयुष्यात पहिल्यांदा कुणाला कॉपी करू दिली, तर तूच उठून सांगतेस?"

"तुम्हाला त्रास झाला असता, बाई."

"आणि सहा महिन्यांनी कुणाचं तोंड दाखवशील? माझे दात तर झालेले असतील."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाई पर्स उघडून फोन शोधायला लागल्या.

"माझ्या धाकट्या बहिणीचे दोनच उरलेत," त्या म्हणाल्या. "तेही हलतात. तिला सांगून ठेवते."