वरच्या मजल्यावरचे साहेब

ऑर्मंडने पत्र टेबलावरून पुढे सरकवलं. नजर मात्र खिडकीबाहेरच्या बंदरावर ठेवली.

"विमा कंपनीनं नाही म्हटलं, मावशी. माझ्या हातात असतं तर आजच लीफर्डकाकांना मायामीला पाठवलं असतं."

आर्डिलियामावशींनी पत्राला हात लावला नाही. आणलेला कसाव्याचा केक तेवढा त्याच्यापुढे ठेवला. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत त्यांनीच त्याला शिकवलं होतं. आता त्यांचा नवरा लीफर्ड, ऑर्मंड मॅनेजर असलेल्या याच जहाज कंपनीचा खलाशी, माल उचलायच्या विंचमध्ये हात चिरडून इस्पितळात पडला होता. आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया झाली तर हात वाचेल, असं मायामीचे डॉक्टर म्हणत होते. त्यातले चार दिवस गेले होते.

"तू बोललास ना रे त्यांच्याशी, ऑर्मी? नीट सांगितलंस?"

"म्हणजे काय! किती रदबदली केली! पण दगड आहेत नुसते. चूक काकांचीच, असं धरून बसलेत."

"मग पत्ता दे त्यांचा. मी स्वतः भेटते."

ऑर्मंडची पाचावर धारण बसली. पत्ता पत्राच्या माथ्यावरच छापलेला होता. मावशींनी चष्मा चढवून वाचला.

"अगंबाई! हीच इमारत, दुसरा मजला. हे तर तुझ्या डोक्यावरच बसलेत की!"

काठी टेकत त्या जिन्याकडे गेल्या. तो खुर्चीतून अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

परक्यांकडे हप्ते भरण्यापेक्षा आपलीच विमा कंपनी काढू, असं मालकांनी सहा वर्षांपूर्वी ठरवलं. युक्ती चांगली होती, कायदेशीरही होती. त्या कंपनीचा पसारा म्हणजे वर एक कपाट, एक मुलगी आणि ऑर्मंडची सही. मंजुरीलाही तीच पुरत असे, नकारालाही. इथे तो मॅनेजर, तिथे संचालक. वरच्या नावाने नाही म्हणायचं आणि खाली बसून हळहळायचं, हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की लीफर्डकाकांच्या नकाराचं पत्र लिहितानाही हात अडखळला नव्हता. आज मात्र काठीचा एकेक ठोका ऐकताना, कुठे तोंड लपवू असं त्याला झालं.

ठोके वर थांबले. काही बोलणं झालं. मग काठी खाली उतरू लागली, आधीपेक्षा सावकाश.

दार उघडंच होतं, तरी मावशींनी त्यावर टकटक केलं.

"येऊ का, साहेब? वरची मुलगी म्हणाली, विमा कंपनीचे साहेब खालीच बसतात."

"मावशी, मी..."

त्या बसल्या नाहीत. "माझं नाव आर्डिलिया रँकिन. माझे यजमान आपल्या जहाजावर एकतीस वर्षं आहेत." विंच, हात, उरलेले तीन दिवस, सगळं त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. स्वरात टोमणा नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"आमचा ऑर्मी आमच्यासाठी आपल्याकडे खूप बोलला म्हणे," शेवटी त्या म्हणाल्या. "काय बोलला तो, तेवढं सांगाल का, साहेब?"